सायकलवरचं जीपीएस : किती पैशांचं पुरे?

सायकलच्या हँडलवर लावायच्या जीपीएस कॉम्प्युटरवर पाच-सहा हजारांपेक्षा जास्त खर्च करायची गरज आपल्यातल्या बहुतेकांना नाही. हे मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चाळीस हजारांचं यंत्र घ्यायचंच आहे त्यांचा वेळ वाचेल. बाकीच्यांसाठी पुढचं लिहितोय.

लॉकडाऊननंतर आमच्या सोलापुरात, आणि मला वाटतं सगळीकडेच, फजरनंतर सायकली काढणारे लोक वाढले. त्यात लूमवाले आहेत, मेडिकलवाले आहेत, माझ्यासारखे मास्तर आहेत. निम्म्यांना डॉक्टरांनी पाठवलंय. शुगर निघाली, वजन उतरवा म्हणाले, गुडघ्यामुळे पळता येईना, मग सायकल. पहिले तीन महिने सगळे हेल्मेट आणि सीटबद्दल बोलतात. चौथ्या महिन्यात प्रश्न येतो, "सर, वो मीटर कौनसा लेना?" पोरं यूट्यूबवर रिव्ह्यू बघून आलेली असतात आणि त्यांच्या तोंडी थेट सगळ्यात महागड्या मॉडेलचं नाव असतं. म्हणून हा प्रश्न नीट उलगडून बघायला हवा असं वाटलं. विषय यंत्राचा असला तरी त्यात पैसा आहे, तब्येत आहे, सूद आहे आणि घरातल्या मुलीही आहेत.

आधी यंत्र काय करतं ते. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. प्रत्येक जण सतत सांगत असतो की मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा सापडायला हवी, पण आपल्या स्वस्त यंत्राचं घड्याळ उपग्रहाइतकं अचूक नसतं, ती चूक काढायला चौथा लागतो. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होती, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ते बंद झालं आणि आज आपण जे वापरतो ते शक्य झालं. आताची चार हजारांची यंत्रंसुद्धा अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइडो यांचे सिग्नल घेतात. उघड्या माळरानावरच्या रस्त्यावर स्वस्त आणि महाग यंत्रांच्या जागेत जो फरक पडतो तो काही मीटरांचा. हुटगी रोडवर तुम्ही डाव्या बाजूने गेलात की उजव्या, एवढाच.

(इथे कुणीतरी अल-बिरुनीचं नाव काढणार हे मला ठाऊक आहे. हजारेक वर्षांपूर्वी पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजून त्यानं पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती आजच्या आकड्याच्या जवळ आहे, हे खरं. शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर त्यानं आख्खी किताब लिहिली, त्यामागे किब्ल्याची दिशा नक्की करण्याची गरजही होती, हेही खरं. पण त्याच्या नावावर आपण आज कॉलर ताठ करायची आणि पोरांना त्रिकोणमिती शिकवायची वेळ आली की गाईड हातात द्यायचं, हे मला पटत नाही. असो.)

आता पहिला प्रश्न असा, की यंत्र हवंच कशाला, खिशात मोबाईल आहे की. रोज दहा-वीस किलोमीटर चालवणाऱ्याला माझं उत्तर हेच असतं : नकोच. स्ट्राव्हासारखं अ‍ॅप सुरू करा, फोन खिशात टाका, घरी येऊन बघा. एक पैसा लागत नाही. चालवताना वेग दिसायला हवा असेल तर चाकाला चुंबक लावायचं साधं वायरवालं मीटर हजाराच्या आत मिळतं. त्यात एकच काम नीट करावं लागतं, चाकाचा घेर मोजून भरायचा. टायरवर आणि फरशीवर खडूची एकेक खूण करा, स्वतः सायकलवर बसून एक फेरा पुढे न्या, दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. 700 बाय 25 च्या टायरला ते साधारण 2100 मिलिमीटर भरतं. एवढं केलंत तर हे मीटर अंतराच्या बाबतीत जीपीएसला हार जात नाही, पुलाखाली आणि दाट झाडीत तर जास्तच भरवशाचं ठरतं.

मोबाईल हँडलवर लावू नका, एवढं मात्र आग्रहाने सांगतो. आपल्या रस्त्यांचे धक्के कॅमेऱ्यातल्या हलत्या भिंगाला सोसत नाहीत. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अ‍ॅपलनंच 2021 मध्ये लिहून जाहीर केलंय. शिवाय एप्रिलच्या उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, तापून फोन बंद पडतो, पावसाचे थेंब पडले की बोटाला दाद देत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, शंभर किलोमीटरच्या शेवटी पंक्चर झालं आणि घरी फोन करायचा म्हटलं तर बॅटरी संपलेली. जीपीएस यंत्राचा खरा फायदा मला यातच दिसतो. ते फोनला मोकळं ठेवतं.

म्हणजे तासाभराच्या पुढे, आठवड्यातून दोन-तीनदा, गावाबाहेर जात असाल तर यंत्र घ्यायला हरकत नाही. मग किमतीच्या पायऱ्या बघू.

साधारण अडीच-तीन ते पाच हजारांत चिनी यंत्रं येतात. झॉस, मॅजीन, आयजीपीस्पोर्ट ही नावं तुम्ही ऐकली असतील. वेग, अंतर, वेळ, सरासरी, चढ, सगळं दाखवतात, फाईल फोनवर आणि तिथून स्ट्राव्हावर जाते. पडदा काळा-पांढरा, जुन्या कॅल्क्युलेटरसारखा. पोरं त्याला हसतात. पण हा पडदा स्वतः उजेड फेकत नाही, बाहेरचा उजेड परतवतो, म्हणून ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट दिसतो आणि बॅटरी खात नाही. सोलापूरच्या मे महिन्यासाठी याहून चांगला पडदा अजून कुणी काढलेला नाही. सहा ते दहा हजारांत तैवानच्या ब्रायटनची आणि आयजीपीस्पोर्टची वरची यंत्रं. त्यात ठरवलेल्या रस्त्याची रेघ पडद्यावर येते आणि चुकलात तर यंत्र ओरडतं. पंधरा-वीस हजारांपासून गार्मिनचं जग सुरू होतं आणि ते पन्नास हजारांच्या पलीकडे जातं. तिथे रंगीत नकाशे, बोटाने सरकवायचा पडदा, पुढचा चढ किती उरलाय त्याचा आलेख, पॉवर मीटरचं सखोल गणित. चांगलं असतं, नाही म्हणत नाही. शर्यतीत उतरणाऱ्याला, कोच ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. भाव ऑफरप्रमाणे वर-खाली होतात, पायऱ्या मात्र साधारण याच राहतात.

पहिल्या पायरीवर एकच खबरदारी घ्या. नाव सारखं, डबा सारखा, आणि मागे एक अधिकचं चिन्ह असतं किंवा नसतं. झॉसचं जी हे मॉडेल बाहेरचा कुठलाच सेन्सर घेत नाही, जी प्लस घेतं. किमतीतला फरक फारसा नसतो. सेन्सर जोडायची सोय, म्हणजे ब्लूटूथ आणि अँट प्लस हे दोन शब्द डब्यावर आहेत की नाहीत, एवढं बघूनच पैसे द्या. कारण पुढे मी ज्या एका सेन्सरवर पैसे घालायला सांगणार आहे त्यासाठी ते लागतं.

तो सेन्सर म्हणजे छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा. अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. चाळिशी ओलांडलेल्या, शुगर-बीपीवाल्या माणसाला वेगाच्या आकड्यापेक्षा ठोक्यांचा आकडा जास्त उपयोगी आहे. आपल्या गटात एखादा पंचविशीचा पोरगा पुढे ओढत असतो, मागचा पन्नाशीचा मामू इज्जतीखातर पाय मारत राहतो आणि कुणाला काही कळत नाही. पट्टा असेल तर हँडलवरचा आकडा बघून तरी तो म्हणेल, "तुम जाओ, मैं आता." 220 मधून वय वजा करायचं हा ढोबळ हिशेब आहे, त्यावर विसंबू नका. बीपीच्या काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे. तुमची मर्यादा तुमच्या डॉक्टरांना विचारून यंत्रात भरा. चार हजारांचं यंत्र आणि तीन हजारांचा पट्टा हे सात हजार, वीस हजारांच्या बिनपट्ट्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

बॅटरीबद्दल मात्र किंमत आणि गुण यांचं नातं चक्क उलटं आहे. लांब पल्ल्याची बीआरएम करणारे आता आपल्यातही आहेत. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने ठरवलेले नियम, भारतात ऑडॅक्स इंडियाची देखरेख. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. आता बघा, गार्मिनचं एज 130 प्लस हे लहानसं, नावाजलेलं यंत्र बारा तास चालेल असं कंपनीच सांगते. म्हणजे पहिल्याच बीआरएमची पूर्ण मुदत वापरणारा हौशी माणूस शेवटच्या दीड तासात पॉवर बँकची वायर लोंबकळत ठेवून चालवणार. ब्रायटनचं 15 निओ सोळा तास सांगतं. झॉसचं जी पंचवीस. आणि आयजीपीस्पोर्टचं बीएससी 100 एस चाळीस तास, जे याच लेखातल्या सगळ्यात स्वस्त पायरीवर बसतं. कंपनीच्या दाव्यातून एक चतुर्थांश वजा करा, तरी हिशेब बदलत नाही. रंगीत पडद्याचे आणि नकाशाचे पैसे आपण देतो आणि त्याची बॅटरीही आपणच देतो.

तिथेच आणखी एक गोष्ट. यंत्रात ऑटो पॉज नावाची सोय असते, सिग्नलला थांबलात की घड्याळ थांबतं. त्यामुळे सरासरी वेग सुंदर दिसतो. बीआरएमचं घड्याळ चहाला थांबत नाही, पंक्चरला थांबत नाही, नमाजलाही थांबत नाही. लांबच्या राईडला पडद्यावर एकूण गेलेला वेळ दिसू द्या.

उंची मोजण्याबद्दल विक्रेते खूप बोलतात. उपग्रहांवरून आडवी जागा जितकी नीट कळते तितकी उंची कळत नाही, म्हणून बऱ्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यावरून चढ काढतात. साताऱ्याचे, कोल्हापूरचे, चिपळूण-खेडचे वाचक असाल तर बॅरोमीटर असलेलंच घ्या, घाटात चढाची टक्केवारी दिसली की दम वाटून खर्च करता येतो. पण सोलापूर, लातूर, परभणी, नांदेडच्या सपाटीवर त्यासाठी दोन हजार जास्त देऊन काय बघणार? हिप्परग्याच्या तलावाचा बांध? आणि कोकणातल्या पावसात त्या सेन्सरच्या बारीक भोकावर थेंब बसला की यंत्र उभ्या जागी उंची बदलतं, तेव्हा घाबरू नका. फुंकर मारा.

एक उपयोग असा आहे, जो कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो. सफरीच्या नमाजचा. हनफी उलमा अठ्ठेचाळीस मैलांचं अंतर धरतात, उर्दू फतव्यांत ते 'सवा सतत्तर किलोमीटर' असं येतं. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या कोकणी भावांकडे, थोडं वेगळं अंतर धरतात. मुक्काम एवढा लांब असेल तर गावाची हद्द सोडल्यापासून तुम्ही मुसाफिर, जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. (मुसाफिर आणि मसाफत हे शब्द ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे अरबी धातू वेगळे आहेत. वर्गात दरवर्षी सांगावं लागतं.) आता सोलापूरहून पंढरपूर सुमारे बहात्तर किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे चव्वेचाळीस झाले, पाय मोडले, तरी तुम्ही मुसाफिर नाही, कारण हिशेब एका बाजूचा आहे. विजापूर शंभराच्या आसपास, भीमा ओलांडून गोल घुमटापर्यंत गेलात तर आहात. दोनशेच्या बीआरएममध्ये शंभरावर वळण असेल तर प्रश्नच नाही. वेड्यावाकड्या, गोल फिरून येणाऱ्या मार्गांचा मसला मात्र नाजूक आहे, तो आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारा आणि विचारताना मार्गाची फाईल फोनवर दाखवा, त्यांनाही सोपं जातं. नव्या यंत्रांपैकी काही सूर्यास्ताची वेळ दाखवतात. रमजानात असरनंतर चालवणारे काही जण त्यावर रोजा सोडायला बघतात. तसं करू नका, गावाचं वेळापत्रक बघा. आणि मशिदीत जाताना यंत्र काढून खिशात ठेवाल तेव्हा त्याचा आवाज आधी बंद करा. थांबलात असं समजून ते सजद्यातच पीप करतं आणि आख्खी सफ तुमच्याकडे बघते.

आता पैशांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. महाग यंत्र घेणारी आमची बहुतेक पोरं रोख देऊन घेत नाहीत, हप्त्यावर घेतात. विचारलं तर म्हणतात, "सर, सूद नहीं है, नो कॉस्ट है." हे तपासून बघायला हवं. समजा यंत्र अठरा हजारांचं आहे आणि सहा महिने तीन-तीन हजार भरायचेत. वरवर बघता एक रुपयाही जास्त नाही. पण बँक फुकट उधार देत नाही. वर्षाला पंधरा टक्क्यांनी धरलं तर सहा महिन्यांचं व्याज सातशे-आठशे रुपये होतं. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत आधीच देते, बँक उरलेल्या रकमेचं कर्ज देते, त्यावर व्याज लावते आणि दोन्ही मिळून पुन्हा अठरा हजार होतात. कार्डाचं स्टेटमेंट उघडा, 'इंटरेस्ट' असा शब्द स्वच्छ छापलेला दिसेल, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा, तो तुमच्याच खिशातून. बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आणखी वेगळी. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं.

मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण स्टेटमेंटवर जे छापलंय ते वाचता येतं. ज्या घरात बँकेच्या बचत खात्यात आलेलं व्याज वेगळं काढून ठेवतात, त्याच घरातला मुलगा खेळण्यासाठी व्याजाचा करार करतो आणि त्याचं नाव बदललं म्हणून कुणी विचारत नाही, हे विचित्र आहे. रोख पाच हजार जमवायला तीन महिने थांबावं लागलं तर थांबा. तोवर वायरवालं मीटर आहेच. आणि ज्यांना हा मजहबी मुद्दा लागू नाही अशा वाचकांसाठीही हिशेब तोच राहतो. रोख घेणाऱ्याने ती सूट मागितली तर अनेकदा दुकानदार देतो. म्हणजे फुकट म्हणवणारा हप्ता मुळात सूट गमावून घेतलेला असतो.

उर्दूत दोन शब्द आहेत, आपण दोन्हींचं भाषांतर उधळपट्टी असं करून मोकळे होतो. तबजीर म्हणजे नको तिथे पैसा घालणं. इसराफ म्हणजे जिथे घालायला हरकत नाही तिथेही गरजेपेक्षा जास्त घालणं. दारूवर खर्च केला तर कुणीही बोट दाखवेल. तब्येतीच्या नावाखाली, हलाल कमाईतून, चांगल्या छंदावर केलेला जादा खर्च कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, म्हणून तिथे जास्त सांभाळायचं. शिक्षक म्हणून माझ्या डोक्यात एक मापटं बसलेलं आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला सरकार पाच हजार रुपये देतं. माझ्यासाठी पाच हजार म्हणजे एक सायकल, एक मुलगी, शाळेची उरलेली वर्षं. यंत्राची किंमत मी त्या मापट्याने मोजतो. एक सायकल इथवर ठीक. दहा सायकली हँडलवर लावून फिरायचं तर कारण तसंच भारी हवं.

मुलींचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. यंत्र फोनशी जोडलेलं असेल तर बरीच मॉडेल्स आणि अ‍ॅप्स तुमची चालती जागा घरच्यांना दाखवू शकतात. ही सोय मी फार मोलाची मानतो. रात्रीच्या रस्त्यावर एकटा माणूस असताना घरी कुणी तरी ठिपका बघत बसलंय, यात दोघांनाही धीर असतो. आणि आपल्या नावाच्या माणसाला आजकाल अनोळखी गावात रात्री थांबवून चौकशी झाली तर घरच्यांना जागा माहीत असणं किती महत्त्वाचं, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण हीच सोय घेऊन एक पालक मला म्हणाले, "अच्छा है सर, बेटी कहाँ रुकी, कितनी देर रुकी, सब दिखता." मी त्यांना म्हटलं, साहेब, मग तुमचाही ठिपका तिला दाखवा. त्यांना ते आवडलं नाही. माझा आक्षेप सोयीला नाही. मुलगी सायकलवर बाहेर पडली, वाऱ्यावर तिच्या मनाने चार किलोमीटर जास्त गेली, मैत्रिणीबरोबर उसाच्या रसासाठी थांबली, तर प्रत्येक थांब्याचा जबाब द्यावा लागणार असेल तर ती महिनाभरात सायकल सोडून देईल. अशा सोडून दिलेल्या सायकली मी जिन्याखाली पाहिल्या आहेत. ठिपका दोन्ही बाजूंनी असावा, किंवा फक्त लांबच्या आणि अंधारातल्या राईडला असावा. वय वाढेल तसा तो बंद करायचा हक्क तिच्याकडे जावा.

घरच्यांना दाखवताना जगाला दाखवू नका, हे मात्र सगळ्यांना लागू. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या जगभराच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या रेघांमुळे लष्करी तळ उघडे पडले होते. सैन्याचं असं होतं तर आपल्या घराचं काय? रोज सव्वापाचला त्याच दारातून निघणारी रेघ म्हणजे सायकल कुठे ठेवलेली असते आणि पुरुष माणूस कधी घराबाहेर असतो याची जाहिरात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. मुलींच्या खात्यावर फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा.

विकत घेताना : भारतातल्या विक्रेत्याचं बिल आणि वॉरंटी असेल तिथूनच घ्या. परदेशी साईटवर पाचशे-हजार कमी दिसतात, मग कस्टम लागतं, आणि बिघडलं तर पाठवायचं कुठे हा प्रश्न उरतो. या यंत्रांची बॅटरी आपल्याला बदलता येत नाही, त्यामुळे सेकंडहँड नावाजलेलं यंत्र घ्यायचा मोह झाला तर आधी ते दोन तास सुरू ठेवून किती टक्के उतरते ते बघा. फार जुनं असेल तर त्याच्यावरची तारीखही बघा. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1,024 आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो, तसा तो 2019 च्या एप्रिलमध्ये आला आणि अपडेट न मिळालेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून भलतीच तारीख दाखवतात. पाण्यासाठी डब्यावर आयपीएक्स 7 लिहिलेलं हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. आपल्या पावसाला तेवढं पुरतं, फक्त चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसवायचं.

आणि यंत्राबरोबर येणारे रबर बँड आमच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकतात. पुढे आलेला प्लास्टिकचा स्टँड दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो लावा, पण तुमच्या यंत्राची खाच त्यात बसते का ते दुकानातच फिरवून बघा, कारण प्रत्येक कंपनीची खाच वेगळी असू शकते. यंत्राला दोरी ओवायचं बारीक भोक असेल तर त्यातून दोरी ओवून हँडलला बांधा. जुन्या पेन ड्राईव्हची चालते.